खोडलेला पर्याय

पुसेगाव, ९ मार्च

चि. प्रतिक्षा,

स्टँडवर दिलेले आशीर्वाद अजून संपले नसतील असं धरून सरळ मुद्द्यावर येतो.

तुमच्या क्लासवाल्यांनी होस्टेलवर सगळ्या पोरींचे मोबाइल जमा करून घेतले हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रविवारी तुला जो पाच मिनिटांचा फोन मिळतो, त्यातला बराचसा तुझी आई 'जेवलीस का' यावर घालवते आणि उरलेला 'काय जेवलीस' यावर. मी बाजूला हात पुढे करून उभा असतो. माझ्या हाती फोन येतो तेव्हा तो बंद झालेला असतो. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तर म्हणाले, "किसनराव, कुणाला नोटीस धाडून राहिले?" लोक आता पाकिटाला तेवढ्यासाठीच ओळखतात.

गावात हळद काढणं सुरू झालंय आणि त्याबरोबर भांडणंही. माझ्यासारख्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला हा सुगीचा काळ. काल जनकाबाई आणि तिची जाऊ एका कोंबडीवरून आल्या. दोघी म्हणतात कोंबडी माझी. मी आपल्या पद्धतीनं चहा पाजला, एकेकीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बराबर तुझंच हाय, पण तुझं मन मोठं." दोघी मोठ्या मनानं घरी गेल्या. कोंबडी पूर्वीसारखीच दोन्ही दारांत दाणे खाते. तंटा मिटला.

आता तुझं. गेल्या वर्षी लॉच्या प्रवेश परीक्षेत तुझे शेवटचे प्रश्न वाचायचेच राहून गेले आणि सीट हुकली. यंदा नाही जमलं तर पुन्हा बसणार नाही, पतसंस्थेत कारकुनी धरीन, असं तूच म्हणालीस. तू म्हणालीस म्हणून मी मान डोलावली. मनातून तू वकीलच व्हावीस असं वाटतं. समितीला माझ्यानंतर कुणीतरी लागेल.

तुझा,
बाबा


नांदेड, १४ मार्च

ती. बाबा,

पत्र वाचून हसले आणि मग हसायला आल्याचंच वाईट वाटलं, कारण माझं दुखणं त्या कोंबडीपाशीच आहे.

मला प्रश्न येत नाहीत असं नाही. चार पर्यायांतले दोन मी पटकन खोडते. उरलेले दोन जुळे असतात. तिथं मी बसते ती बसतेच. नरसिंग सर मागून येऊन टेबलावर बोट आपटतात, "मॅडम, मुक्काम करणार आहात का?" एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही, आणि मी पाच-पाच मिनिटं दोघांच्या तोंडाकडे बघत असते. गेल्या वर्षी हेच झालं. घरी मी 'वेळ पुरला नाही' असं सांगितलं होतं. वेळ पुरत होता, मी तो दोघांत वाटत बसले होते.

एक नमुना पाठवते. नावं मी आपल्याकडची घातलीत, पुस्तकातल्या नावांशी माझं जमत नाही.

तत्त्व असं: दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय शिरणं म्हणजे अतिक्रमण. हेतू चांगला होता की वाईट, हे बघायचं नाही.

घटना अशी: जगनच्या शेळीचं पिल्लू लखमाच्या कुंपणात शिरलं. लखमा घरी नव्हता. जगन कुंपण ओलांडून आत गेला, पिल्लू उचललं, बाहेर आला. काही मोडलं नाही. त्यानं अतिक्रमण केलं का?

(अ) नाही, कारण त्याचा हेतू चांगला होता.
(ब) नाही, कारण कशाचं नुकसान झालं नाही.
(क) होय, कारण त्यानं परवानगी घेतलेली नव्हती.
(ड) होय, कारण त्यानं लखमाची वाट बघायला हवी होती.

अ आणि ब मी लगेच खोडले. क आणि ड मध्ये अडकले. तुम्ही सोडवा. घड्याळ लावून सोडवा बरं का. आणि आईला सांगा, वरणाला चव नसते, पण भात गरम असतो. म्हणजे रविवारची दोन मिनिटं वाचतील.

प्रतिक्षा


पुसेगाव, १९ मार्च

चि. प्रतिक्षा,

घड्याळ लावलं होतं. ते चाललं, मी चाललो नाही.

तुमच्या पुस्तकानं मुख्य गोष्टच लिहिलेली नाही. लखमा गेला कुठं होता? शेजाऱ्याचं पिल्लू आपल्या कुंपणात ओरडून राहिलंय हे माहीत असून तो हॉटेलात बसला असेल, तर अतिक्रमणाची भाषा त्यानं करावी काहून? आणि दवाखान्यात गेला असेल तर जगननं आत जाऊन पिल्लूही आणावं आणि लखमाच्या म्हशीला पाणीही दाखवावं. कुंपण हे काय फक्त काट्यांचं असतं का? माझं उत्तर अ, थोडंसं ब.

तू ज्यात अडकलीस ते क आणि ड मला तर एका आईची लेकरं दिसतात. परवानगी घेतली नाही म्हणा, की वाट बघायला हवी होती म्हणा, बोलणं एकच. त्यातल्या एकाला बरोबर म्हणून दुसऱ्याला चूक म्हणायचं म्हणजे घरात भांडण लावणं झालं. अर्धा-अर्धा मार्क देऊन प्रकरण मिटवा असं तुझ्या सरांना माझ्यातर्फे सांग.

हा प्रश्न मी उत्तमलाही घातला. तो रोज सकाळी आपल्याकडचा पेपर न्यायला येतो आणि आणून दिल्याचं मला आठवत नाही, एवढा तो माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, "परवानगी घेतली न्हाई ना? मग झालं तर. क." आणि पेपर घेऊन गेला. उत्तम आठवीत दोनदा बसला होता हे लक्षात घे.

तुझा,
बाबा


नांदेड, २४ मार्च

ती. बाबा,

उत्तमकाकांचं उत्तर बरोबर आहे. त्यांना सांगा, आणि सांगताना चेहरा सरळ ठेवा.

तुमचं पत्र वाचून मला माझा आजार कळला. तो आपल्या घरचाच आहे. मी लहानपणापासून ओट्यावर बसून तुमचे निवाडे ऐकले. प्रत्येक भांडणात दोघंही बरोबर निघायचे आणि दोघांनाही चहा मिळायचा. मी इथं प्रत्येक पर्यायाला चहा पाजत बसते.

सर म्हणतात, दोन जुळे उरले की ते कुठं सारखे आहेत ते बघूच नका, कुठं वेगळे होतात तेवढं बघा, आणि त्या वेगळेपणाला तत्त्वात आधार आहे का ते तपासा. 'वाट बघायला हवी होती' हा उपदेश आहे. तत्त्वात वाट बघण्याबद्दल अवाक्षर नाही. 'परवानगी नव्हती' हे तत्त्वातलंच आहे. लखमा हॉटेलात होता की दवाखान्यात, हे आपण गावाकडून आणलेलं सामान. ते परीक्षेच्या दारात ठेवून आत जायचं.

त्यांची आणखी एक युक्ती आहे: जे उत्तर बघताक्षणी आवडतं, त्याच्यावर आधी संशय घ्या. पेपर काढणारा हुशार असतो. तुम्हाला काय गोड लागेल ते ओळखून तो तिथंच सापळा मांडतो.

काल पहिल्यांदाच सराव परीक्षेत शेवटचा प्रश्न वाचला. सोडवला नाही, वेळ संपली. पण वाचला. ओळख तरी झाली.

प्रतिक्षा


पुसेगाव, ३ एप्रिल

चि. प्रतिक्षा,

तुझी विद्या मी गावात वापरली. सविस्तर लिहितो, कारण असं यश मला रोज मिळत नाही.

सोमवारी थावरा हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरला जोडून गावात आला. आभाळ भरलेलं. उत्तम म्हणाला नंबर माझा, वैजनाथ म्हणाला नंबर माझा. वैजनाथ म्हणजे माझ्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभा राहिलेला, आणि पडल्यापासून मला रामराम करताना आभाळाकडं बघणारा. दोघंही पारावर आले. मागं अर्धं गाव. थावरा म्हणाला, "मालक, लवकर सांगा. मला परवा वारंगा फाट्याकडं जायचंय."

एरवी मी चहा सांगितला असता आणि चहा होईतो आभाळ उतरलं असतं. पण मला तू आठवलीस. मनात म्हटलं, एक मिनिट.

समितीचा नियम तुला ठाऊक आहे: ज्याची सगळी हळद काढून झाली, त्याच्याकडं कुकर आधी, म्हणजे यंत्र मजुरांची वाट बघत उभं राहत नाही. उत्तम म्हणत होता माझी सगळी काढून पडलीय. वैजनाथ म्हणत होता थावराला मी आधी सांगून ठेवलंय, चार सऱ्या राहिल्यात, त्या काय, आत्ता निघतील. दोघांचं बोलणं सारखंच वजनदार. मला बघताक्षणी उत्तमचं आवडलं. आणि तिथंच मी सावध झालो! आवडलं म्हणजे सापळा. उत्तम माझा भाऊ, रोज माझा पेपर नेणारा. त्याच्याकडं मन धावणारच. मी त्याला खोडला. "कुकर वैजनाथकडं," म्हणालो आणि उठलो.

मग कुणीतरी म्हणालं, "मानलं किसनरावला, भाऊबीऊ काही पाहिला न्हाई." इतक्या वर्षांत माझ्याबद्दल पाठीमागं कुणी चांगलं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. अर्थात मी तेव्हा तिथंच होतो.

त्या चार सऱ्या काढायला वैजनाथच्या मजुरांनी दुपार लावली आणि कुकर तोवर शेताच्या धुऱ्यावर उभा राहिला, ही बारीक गोष्ट सोडून दे. पुढचं ऐक. मंगळवारी अवकाळी आला. वैजनाथची शिजवलेली हळद उघड्यावर वाळत पडलेली, ती ताडपत्री टाकेपर्यंत भिजली. रंग गेला. उत्तमची कच्ची हळद पाल्याखाली झाकलेली, तिला काही झालं नाही. म्हणजे मी उत्तमचं भलंच केलं की नाही?

तरी तो माझ्याशी बोलत नाही. पेपरही नेत नाही. घरात पेपरांचा ढीग साठला आहे आणि तुझ्या आईनं तो उत्तमच्या दारात नेऊन ठेवू का असं विचारलं. मी नको म्हणालो. बरोबर निर्णय देणाऱ्यानं लोकांच्या दारात जायचं नसतं.

तुझा,
बाबा


पुसेगाव, ९ एप्रिल

चि. प्रतिक्षा वकिलीणबाईस,

तुझ्या उत्तमकाकाचा आशीर्वाद हाय, पण आधी काम.

तुझ्या बापावर केस टाकायची हाय. गावात दुसरा वकील न्हाई, आणि तू अजून झाली न्हाईस, म्हणून तूच बरी. झाल्यावर तुला टाइम ऱ्हाणार न्हाई.

केस तुला बापानं कळवलीच असंल, त्याच्या तोऱ्यात. मी माझ्या तोंडानं सांगतो. माझी हळद सगळी काढून झाली होती. वैजनाथची न्हाई. नियम समितीचा हाय, समितीत मीबी हाय, त्या नियमाला मी हात वर केलेला हाय. किसन म्हणतो कुकर वैजनाथकडं. मी इचारलं, काहून? तो म्हणला, "काहून म्हणून इचारू नको, तू माझा भाऊ हायेस." आता मला सांग बाई, हे कारण झालं का? भाऊ हाय म्हणून फायदा देऊ नये हे मला पटतंय. पण भाऊ हाय म्हणून नियमबी देऊ नये? वैजनाथच्या जागी मी असतो अन् माझ्या जागी वैजनाथ, तर किसननं माझा भाऊ असून मला दिला असता का? न्हाई. म्हणजे मी कुठंबी उभा राहिलो तरी हरणारच होतो.

लोक म्हणून राहिले, उत्तमराव, तुमची हळद तर वाचली, मग तकलीफ काय? आरं, हळद पावसानं वाचवली, किसननं न्हाई. पाऊस उलटा, माझी वाळत असताना आला असता तर? हळद वाचली, पर माझं खरं होतं ते गेलं ना पारावरच.

मला कुकर नको, माफी नको. तुझ्या सरांना नाव न सांगता हा प्रश्न घाल. ते काय म्हणतात ते लिहून धाड. आणि तुझ्या बापाला म्हणावं, पेपर दारात ठेवू नको, मी बातम्या मोबाइलवर पाहतो. पाहत न्हाई, पण म्हणावं.

उत्तमकाका


नांदेड, १३ एप्रिल

ती. बाबा,

उत्तमकाकांचं पत्र आलं. त्यांनी प्रश्न सरांना घालायला सांगितला होता. मी घातला नाही. मला सोडवता येत होता.

तत्त्व: ज्याची सगळी हळद काढून झाली, त्याच्याकडे कुकर आधी.

घटना: उत्तमकाकांची झाली होती. वैजनाथ आप्पांची नव्हती.

उत्तर: उत्तमकाका.

आधी कुणी सांगून ठेवलं, भाऊ कोण, विरोधक कोण, गाव काय म्हणेल, यातलं काहीच तत्त्वात नाही. तुम्ही मला लखमा हॉटेलात होता का विचारलं होतं, तसंच हे. तेव्हा तुम्ही माणसाच्या भल्यासाठी नियम सोडलात. या वेळी स्वतःच्या नावासाठी सोडलात.

युक्ती मीच कळवली होती, आणि अर्धीच कळवली, तेवढी चूक माझी. संशय घ्या म्हणजे फेकून द्या असं नव्हे. संशय आला की नियम पुन्हा वाचायचा. पुन्हा वाचूनही तेच उत्तर निघालं तर ते आवडतं म्हणून चूक ठरत नाही.

आणि पावसाचं श्रेय घेऊ नका, बाबा. क्लासमध्ये एका मुलीनं डोळे मिटून पर्यायावर बोट ठेवलं आणि ते बरोबर निघालं. सरांनी तिला शाबासकी दिली नाही, 'कारण सांग' म्हणाले. ती रडली.

तुम्ही चुकलात. मला हे लिहायला वेळ लागला नाही. पत्र पेटीत टाकायला लागला.

प्रतिक्षा


पुसेगाव, १८ एप्रिल

चि. प्रतिक्षा,

पत्र मिळालं. इकडं सर्व ठीक. ऊन फार आहे. तुझी आई बरी आहे. अभ्यास करावा.

किसनराव


नांदेड, २२ एप्रिल

ती. बाबा,

तुम्ही पत्राखाली 'किसनराव' लिहिलंत. मी तो कागद दोनदा उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून.

परीक्षा दहा-बारा दिवसांवर आलीय आणि मी पुन्हा जुन्या जागी आलेय. मार्चअखेर शेवटचा प्रश्न वाचत होते, काल पुन्हा पंचवीस प्रश्न राहिले. दोन पर्याय उरले की हात थांबतो. सर म्हणाले, "मॅडम, आता काय झालं?" काय सांगू? खोडलेला पर्याय घरी जाऊन जेवणार नाही असं वाटतं.

मी लिहिलं ते मागे घेत नाही. घेता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

प्रतिक्षा


पुसेगाव, २६ एप्रिल

चि. प्रतिक्षा,

हे पत्र पोस्टानं वेळेत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. त्यानंही विचारलं, नोटीस हाय का? मी म्हटलं, हाय, मला आलीय, उत्तर देऊन राहिलो.

तुझं तेरा तारखेचं पत्र वाचून मी चार दिवस तुझ्या आईशी भांडलो. तिला कारण कळेना, कारण तिचा काही संबंध नव्हता. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "ज्याच्याशी भांडायचं त्याच्याकडं जा, मला स्वयंपाक हाय." मी गेलो नाही. मग तुझं बावीसचं आलं. ते मी तिला वाचून दाखवलं. ती माझं ताट वाढायचं थांबली.

मग उठलो. उत्तमच्या घरी जाणार होतो, पण मग वाटलं, चूक पारावर केली आणि कबुली घरात द्यायची, हा तर माझा जुना धंदा. प्रत्येकाला बाजूला घेऊन वेगळं सांगायचं. म्हणून सांजेला पारावर गेलो. उत्तम होता, वैजनाथ होता, बाकीचेही होते. मी उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं कुणीतरी वारलं.

म्हटलं, "उत्तम, कुकर तुझ्याकडं यायला पायजे होता. नियम तुझ्या बाजूनं होता. मी चुकलो."

एवढंच. 'पण' आलं होतं जिभेवर, ते गिळलं. फार मोठं होतं, अजून छातीत अडकल्यासारखं वाटतं.

वैजनाथ लगेच म्हणाला, "मग माझी हळद भिजली त्याचं काय? तुमीच दिला ना कुकर?" मी म्हटलं, "तुझं चूक होतं, वैजनाथ. तुझी हळद काढून झाली नव्हती." तो आभाळाकडं बघायचं विसरून चांगला माझ्याकडंच बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका माणसाला तोंडावर 'तुझं चूक' म्हणालो. पार काही कोसळला नाही.

उत्तमनं तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "हे मला आधीपासून माहीत हाय. नवीन काय सांगितलं?" आणि उठून गेला. मला वाटलं संपलं. सकाळी बघतो तर ओट्यावर बसून साठलेले सगळे पेपर तारखेनं लावून राहिला होता. म्हणाला, "जुन्या बातम्यांपासून वाचीन. मधलं सुटायला नको." तुझ्या आईनं त्याला चहा दिला. मला नाही दिला.

आता तुझं ऐक. तुझ्या प्रश्नपत्रिकेतला ड कुणाचा भाऊ नाही. त्याच्या घरी चूल नाही, हळद नाही. तो रुसत नाही. तू त्याला खोडलंस तर तो रात्री उपाशी झोपणार नाही. माणसाला खोडताना हात थांबावा, थांबायलाच पाहिजे. कागदाला खोडताना थांबू नको. माझ्या निवाड्यांनी तुला दोन्हींत फरक करायला शिकवलं नाही, म्हणून आज लिहून कळवतो.

बिनधास्त खोड.

तुझा,
बाबा


नांदेड, ५ मे

ती. बाबा,

काल परीक्षा झाली. कंडक्टरनं तुमचं पत्र वॉचमनकडे दिलं होतं, वॉचमननं वेळेवर माझ्याकडे.

सगळे प्रश्न वाचले. सगळे सोडवले. काही ठिकाणी चुकले असेन, पण चुकले ते निवड करून. एका प्रश्नात दोन पर्याय इतके सारखे होते की मला हसू आलं. कुठं वेगळे होतात ते पाहिलं, तत्त्व पुन्हा वाचलं, संगणकावर एक टिचकी मारली, पुढं गेले. मागं वळून पाहिलं नाही.

संपल्यावर शेजारच्या मुलीनं विचारलं, कसा गेला? मी 'बरा' म्हणणार होते. 'चांगला' म्हणाले.

निकाल लागेपर्यंत इथंच थांबते. सरांनी नव्या बॅचचे सरावाचे पेपर तपासायला ठेवून घेतलंय. आज एका मुलानं दोन पर्यायांना खुणा केल्या होत्या. मी शेजारी लिहिलं, 'चहा बंद.' त्याला काही कळलं नसेल.

प्रतिक्षा


नांदेड, १९ जुलै

ती. बाबा,

फोन आता हातात आहे, तरी लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलाल.

निकाल तुम्हाला कळलाच आहे, आईनं अर्ध्या पुसेगावाला कळवलाय. आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. माझ्या मार्कांना दोन चांगली मिळत होती: एक इथं नांदेडात, एक छत्रपती संभाजीनगरात. फी सारखी, नाव सारखं, होस्टेल दोन्हीकडे. इथून मी दर शनिवारी घरी येऊ शकते. तिथून सणासुदीला.

मी संभाजीनगर पहिलं टाकलं. तिथं खंडपीठ आहे, मोठे वकील रोज उभे राहतात, ते मला ऐकायचेत. कारण एवढंच.

तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही 'दोन्ही बराबर' म्हणाला असता, आणि आवाजावरून मला कळलं असतं की तुम्हाला नांदेड हवंय. मग मी ते टाकलं असतं, आणि कॉलेजची तिन्ही वर्षं शनिवारी घरी येऊन तुमच्यावर चिडले असते. काल यादी लागली. सीट मिळाली.

तुमच्या प्रतिक्षेनं ही निवड करताना हात थांबवला होता. बराच वेळ.

प्रतिक्षा


पुसेगाव, २३ जुलै

चि. प्रतिक्षा,

पत्र ओट्यावर वाचलं. तुझ्या आईनं विचारलं, "काहून एवढे गप झाले?" मी म्हटलं, पोरीला सीट मिळाली. ती म्हणाली, "मग हसा की." मी हसलो. तिला पटलं नाही. मग मी पत्र तिच्या हाती दिलं. तिनं वाचलं आणि लगेच बेसन काढायला घेतलं. तीन महिने टिकतील असे लाडू करायला निघालीय. दर आठवड्याला येशील म्हणून जे थोडे-थोडे करायचे ठरले होते, ते एकदम.

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर नांदेडचं पाणी चांगलं असतं असं लिहिलं. फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की निर्णय तुझाच, फक्त शनिवारचा विचार करायला हवा होता. हा तर तुमचा तो ड झाला. तोही फाडला.

हा तिसरा कागद. तू कारण एकच दिलंयस, आणि ते माझ्या जराही सोयीचं नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. तरी त्यात मला चूक सापडली नाही.

तुझं बरोबर आहे.

समितीकडं हल्ली कुणी येत नाही. मी कुणा एकाला चूक म्हणीन या भीतीनं लोक आपसातच मिटवून राहिलेत. तालुक्याहून एक साहेब येऊन वही बघून गेला, यंदा एकही तंटा नोंदलेला नाही म्हणून खूश होता. तेव्हा मी मोकळाच आहे. सोमवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला येतो, तिथून तुला घेऊन पुढं संभाजीनगरला सोडायला जाऊ. लाडवांचा डबा जड आहे, दुसरा माणूस लागेल. उत्तम येतो म्हणतो. मी म्हटलं, तुला काय करायचं कॉलेज पाहून? तो म्हणाला, "कॉलेज कोण पाहतंय? पोरगी फाटकातून आत जाताना तुझं तोंड पाहायचंय."

तुझा,
बाबा